धूर, अग्नी आणि दोषनिर्णय

न्यायशास्त्रात पहिले पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहाच्या काळापासून आजतागायत एकच डोंगर दाखविला जातो, आणि त्या डोंगरावरचा धूर पाहून तेथे, दृष्टीआड का असेना, अग्नी असलाच पाहिजे, असे अनुमान त्याच्याकडून करून घेतले जाते. दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या कारणापर्यंत जाण्याचा मनुष्याच्या बुद्धीला अधिकार आहे काय, असल्यास तो कोणत्या अटींवर आहे, आणि त्या अटी न पाळता दिलेल्या निर्णयाचे पाप कोणाच्या पदरी पडते, हे तिन्ही प्रश्न त्या एका धुरात साठवलेले आहेत. हे प्रश्न केवळ पंडितांच्या वादसभेपुरते आहेत असे ज्याला वाटत असेल, त्याने धुळ्यास यावे, पांझरा ओलांडून देवपुरात शिरावे, आणि आग्रा रोडच्या बाजूला एखाद्या गॅरेजात डिझेलवर चालणारी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी बॉनेट उघडून उभी असेल तिच्यापाशी घटकाभर थांबावे. तेथेही धूर असतो, आणि त्या धुरावरून अदृष्ट कारणाचा शोध चाललेला असतो. मात्र बहुधा असे आढळते की, तहकीकात सुरू होण्यापूर्वीच मालकाच्या तोंडी फैसला तयार असतो, आणि तो फैसला म्हणजे ‘टर्बो गेला’ हा होय.

टर्बोचार्जर ही वस्तू मुळातच विचार करण्याजोगी आहे. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट घेतले तिचे सार असे की, इंजिनातून जळून बाहेर पडणाऱ्या वायूंत जी ऊर्जा शिल्लक राहून वाया जाते तिच्यावर एक चक्र फिरवावे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास दुसरे चक्र बसवावे, आणि त्या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून इंजिनात लोटावी. म्हणजे अधिक हवेत अधिक डिझेल पुरतेपणी जळून तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती निघेल. मुठीत मावणारी ही चक्रे मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात. एका अंगास सातशे अंशांच्या आसपास तापलेले वायू, दुसऱ्या अंगास बाहेरची हवा, आणि मध्ये दांड्याला धातूचा स्पर्श होऊ न देता तोलून धरणारा इंजिन ऑइलचा अतिशय पातळ थर, अशा अवस्थेत टर्बोचे सगळे आयुष्य जाते. त्याला हवा मिळते ती एअर फिल्टरकडून, ऑइल मिळते ते इंजिनाकडून, गती मिळते ती जळक्या वायूंकडून, आणि दाब किती निर्माण करावा याचा हुकूम मिळतो तो व्हॅक्यूमच्या नळीतून किंवा विजेच्या तारेतून. स्वतःचे म्हणावे असे त्याच्यापाशी फारच थोडे आहे. आणि जो अवयव इतका परावलंबी असतो, त्याच्या ठिकाणी इतर सर्वांचे दोष सर्वांच्या आधी प्रकट व्हावेत, यात नवल नाही.

तक्रारीचे स्वरूप बहुधा ठरलेले असते. लळिंगच्या चढावर किंवा सुरतेच्या वाटेवरील कोंडाईबारीच्या घाटात गाडी लोड घेत नाही, पिकअप राहिलेला नाही, ॲक्सिलरेटर दाबला की मागे काळा धूर पसरतो, आणि इंजिनाच्या बाजूने पूर्वी नव्हती अशी शिटी ऐकू येते. ही लक्षणे टर्बोच्या ठिकाणी दिसतात, म्हणून त्यांचे कारणही तेथेच असले पाहिजे, असे मन म्हणते. आणि मग जो भाग सर्वांत महाग, तोच बदलला जातो. नवा टर्बो बसतो, काही दिवस गाडी सुरेख चालते, आणि पुढे तोही त्याच रीतीने निकामी होतो. कारण ज्या बारीक नळीतून त्याला ऑइल पोचायचे, ती नळी जळलेल्या ऑइलच्या काजळीने आतून बुजत आलेली असते आणि तिच्याकडे कोणी पाहिलेलेच नसते. पहिला टर्बो गुन्हेगार नव्हता, तो बळी होता. दुसराही बळीच ठरला. आणि खरा दोष, एखाद्या खटल्यात ज्याचे नावच फिर्यादीत नाही अशा इसमाप्रमाणे, बिनतक्रार मोकळा राहिला.

या ठिकाणी नैयायिकांचा इशारा फार उपयोगी पडतो. धुरावरून अग्नीचे अनुमान निर्दोष आहे, पण त्याच जोडीला उलटे करून अग्नीवरून धुराचे अनुमान करू गेल्यास ते फसते, असे ते सांगतात; कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. धूर निघण्यास अग्नीखेरीज ओल्या इंधनाचा संयोग लागतो, आणि या लपलेल्या अटीला त्यांनी उपाधी अशी संज्ञा दिली. डिझेल इंजिनाच्या धुरातही अशीच अट लपलेली असते. काळा धूर एवढेच सांगतो की, जितके डिझेल आत गेले तितक्या पुरती हवा त्याला मिळाली नाही. ती का मिळाली नाही, हे तो सांगत नाही. खानदेशातील काळ्या मातीच्या धुळीने एअर फिल्टर चोंदला असेल. इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज पाइप उसवून किंवा त्याची क्लिप ढिली पडून दाबलेली हवा मधल्या मध्ये निसटत असेल. व्हॅक्यूमची नळी उन्हाने तडकली असेल. टर्बोच्या आतील हलत्या पात्या काजळीने अडकल्या असतील. अथवा हवेत काहीच उणे नसून इंजेक्टरच गरजेपेक्षा जास्त डिझेल सोडीत असतील. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याचा दाखला देतो, पण ते ऑइल टर्बोच्या सीलमधून आले, पिस्टनच्या रिंगांवरून आले की व्हॉल्व्हच्या बाजूने उतरले, याविषयी तो मुका असतो. पांढरा धूर कधी न जळलेल्या डिझेलचा असतो, तर कधी सिलिंडरात शिरलेल्या पाण्याच्या वाफेचा. खूण खरी असते, तिचा अर्थ लावणारा घाई करतो.

मग अशा अनेककारणी खुणेवर विसंबावे तरी कसे? हा आक्षेप गौतमाच्या न्यायसूत्रांतच पूर्वपक्ष म्हणून मांडलेला आहे, आणि त्यातील एक उदाहरण तर पांझरेकाठच्या माणसाला आपल्या अंगणातले वाटावे असे आहे. नदी फुगलेली पाहून वरच्या बाजूस पाऊस झाला असे अनुमान करतात. पण पात्रात कोठे अडथळा आला तरी पाणी चढते, तेव्हा हे अनुमान प्रमाण कसे मानावे, असे प्रतिपक्षी विचारतो. देवपूरच्या काठावर उभे राहून पांझरा चढताना पाहणाऱ्यालाही हाच संशय येतो, कारण साक्रीच्या बाजूस पाऊस झाला तरी ती चढते आणि अक्कलपाड्याच्या धरणातून पाणी सोडले तरी चढते. सिद्धान्ती यावर जे उत्तर देतो त्याचा आशय असा की, नुसते पाणी वाढले एवढ्यावर शहाण्या माणसाचे अनुमान उभे नसते. ओघाचा वेग, पाण्याचा बदललेला रंग, त्याबरोबर वाहत येणारा फेस, फळे, पाने आणि काटक्या, अशा विशेषांनी युक्त असलेली वाढ हा त्याचा हेतू, म्हणजे अनुमानाचा आधार, असतो. जो केवळ वाढ पाहतो आणि विशेष पाहत नाही, त्याची चूक होते. त्या चुकीचा बोल अनुमानाला लावू नये, तो अनुमान करणाऱ्याचा आहे.

जाणता मिस्त्री नेमका हाच विशेष धुंडाळीत असतो. शिटी कोणत्या जातीची आहे? दाब वाढू लागताच सुस्काऱ्यासारखा आवाज येत असेल, तर हवा कोठून तरी निसटते आहे. पण फेऱ्यांबरोबर चढत जाणारा, सायरनसारखा तीक्ष्ण स्वर येत असेल, तर चक्राच्या पात्या दुखावल्या असण्याचा किंवा त्या आवरणाला घासत असण्याचा संभव आहे. निळा धूर चढावर जोर घेताना येतो की लांब उतार उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना येतो? गाडी सुरुवातीपासूनच मंद आहे की काही वेळ नीट चालून, दाब वाढताच एकाएकी शक्ती आवरून घेते? दुसरा प्रकार असेल तर पात्या अडकून दाब मर्यादेबाहेर जात असावा आणि गाडीची नियंत्रक यंत्रणा इंजिनाच्या रक्षणासाठी स्वतःच शक्ती कमी करीत असावी, म्हणजे ज्याला आपण रोग समजतो तो खरे पाहता बचाव असतो. होज पाइपाच्या आत ऑइलचा हलका ओलावा दिसला एवढ्याने टर्बो दोषी ठरत नाही, कारण इंजिनातील वायूंना वाट देणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून येणारी ऑइलची वाफ तेथे साचतच असते. दांडा बोटांनी धरून हलविला असता आडवा किंचित हलला, तर त्यानेही घाबरण्याचे कारण नाही, कारण ऑइलच्या थरासाठी तेवढी जागा मुद्दामच ठेवलेली असते. मागेपुढे मात्र तो हाताला जाणवेल इतका सरकता कामा नये, आणि पात्यांचा आवरणाला स्पर्श होता कामा नये. निरोगी अवयवाचे स्वरूप ज्याला ठाऊक नाही, त्याला रोग ओळखता येणार नाही, हे सत्य येथे हाताने चाचपून पाहता येते.

या तपासाला एक क्रम आहे, आणि त्या क्रमात मला एक नीती दिसते. प्रथम मालकाची जबानी सावकाश ऐकून घ्यावी. मग एअर फिल्टर, क्लिपा, होज पाइप आणि व्हॅक्यूमच्या नळ्या पाहाव्यात. संशय येईल तेथे साबणाचे पाणी लावून बुडबुडे उठतात का ते पाहावे. त्यानंतर ऑइलची पातळी, त्याचा दर्जा, त्याची येण्याची आणि परतण्याची वाट तपासावी. आणि या सर्वांची रुजुवात झाल्यावरच टर्बो खोलण्यास हात घालावा. जे स्वस्त आणि उघड आहे ते आधी, जे महाग आणि झाकलेले आहे ते शेवटी, हा त्या क्रमाचा नियम होय. आयुर्वेदात माधवकराने रोगज्ञानाची जी पाच साधने सांगितली, त्यांत हेतू, पूर्वरूप, रूप आणि संप्राप्ती यांच्या बरोबरीने उपशय, म्हणजे उपचार करून पाहून रोग ओळखणे, हेही एक आहे. परंतु ते गूढ रोगासाठी आहे, आणि सौम्य उपचारानेच करावयाचे आहे. हजारो रुपयांचा भाग बदलून ‘पाहू, फरक पडतो का’ असे म्हणणे हा उपशय नव्हे. तो दुसऱ्याच्या पैशावर केलेला जुगार आहे.

येथे कोणी म्हणेल की, आता स्कॅनर आला आहे, मग या सगळ्या ऊहापोहाचे प्रयोजन काय? शब्दप्रमाणाचा विचार यासाठीच करावा लागतो. आप्ताचे, म्हणजे विश्वासार्ह जाणत्याचे, वाक्य प्रमाण असते, परंतु जेवढे तो जाणतो आणि सांगतो तेवढ्यापुरतेच असते. स्कॅनरच्या पडद्यावर ‘पी ०२९९’ असा संकेत उमटला, तर त्याचा अर्थ इतकाच की, सेन्सरला अपेक्षेपेक्षा कमी दाब आढळला. दाब कमी का, हे स्कॅनर सांगत नाही, आणि तो सेन्सरच काजळीने माखला असेल तर दाब खरोखर कमी आहे की नाही, हेसुद्धा निश्चित नसते. साक्षीदाराने पाहिले एक, वकिलाने त्यात मिसळले दुसरे, आणि न्यायाधीशाने ऐकले तिसरेच, असा प्रकार यंत्राच्या बाबतीतही घडतो. ज्या धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला, आणि जेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ दुसऱ्याच वर्षी उभे राहिले, त्या गावाला तर ही शिस्त नव्याने शिकविण्याची गरज नसावी. अस्सल कागद पाहिल्याखेरीज इतिहासाविषयी बोलू नये, आणि कागद जितके बोलतो त्यापलीकडे त्याच्याकडून वदवू नये, हा दंडक पाळण्यासाठी त्या पुरुषाने गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली. जळकी गॅस्केट, चिरलेली नळी आणि काजळलेली पाती हे मिस्त्रीचे अस्सल कागद होत.

तथापि ज्ञानाची साधने हाताशी असूनही मनुष्य घाई का करतो, हा प्रश्न उरतोच, आणि तो तर्काचा नसून धर्माचा आहे. अडचण आली की तिला एक नाव आणि एक चेहरा असावा, अशी आपल्या अहंकाराची मागणी असते. दोषी सापडला की आपण दोषमुक्त झालो, असे वाटते. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत, ती अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि दैव ही होत. आणि एकट्या कर्त्यालाच जो सर्व कर्तृत्व चिकटवतो त्याची दृष्टी अपुरी आहे, असा त्यावर अभिप्राय दिला आहे. १९३२ साली याच धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने केली, साने गुरुजींनी ती लिहून घेतली, आणि अठरावा अध्याय १९ जूनला झाला. ज्यांना राज्यकर्त्यांनी गुन्हेगार ठरवून कोंडले होते, त्यांच्यासमोर कर्तृत्वाची ही पंचविध मीमांसा उलगडली गेली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. टर्बोच्या बाबतीत ही पाच कारणे लावून पाहावीत. ज्या इंजिनावर तो बसला आहे ते अधिष्ठान. गाडी हाकणारा कर्ता. ऑइल, फिल्टर, नळ्या ही करणे. लांब चढ चढून आल्याबरोबर, मिनिटभरही इंजिन संथ न ठेवता किल्ली फिरवून बंद करणे, ज्यामुळे तापलेल्या बेअरिंगापाशी ऑइल जागीच करपते, ही चेष्टा. आणि वैशाखातले चाळिशीपार ऊन व वाऱ्यावर उडणारी कपाशीच्या रानातली धूळ हे दैव. यांतले एकच वेगळे काढून त्यावर सारा आरोप ठेवणारा मनुष्य पाचातले चार पुरावे दप्तराबाहेर ठेवतो.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. कारणांमागे कारणे अशी साखळी मागे मागे नेली, तर कोणीच जबाबदार राहणार नाही, आणि आळशाला ‘दैव’ हे सोयीचे उत्तर मिळेल. हा धोका खरा आहे. परंतु पाच कारणे सांगणाऱ्याने दैवाला पाचांतील एकच वाटा दिला आहे, उरलेले चार नव्हेत; आणि न्यायशास्त्रानेही जे जे कार्याच्या आधी होते त्या सर्वांना कारण म्हटलेले नाही. घटाचे कारण कुंभार आहे, कुंभाराचा बाप नाही. तो अन्यथासिद्ध, म्हणजे कार्याला अनावश्यक, आहे. अमक्या पंपावर डिझेल भरले त्याच दिवसापासून गाडी बिघडली असे जेव्हा मालक छातीठोकपणे सांगतो, तेव्हा ते बहुधा कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडल्यासारखे असते. साखळी कोठे थांबवावी, याचा माझ्या मते एकच प्रामाणिक निकष आहे, तो असा की, ज्या कडीला हात घातला असता पुन्हा तोच बिघाड होणार नाही, आणि जी कडी कोणाच्या तरी हातात आहे, तेथे थांबावे. ब्रीदरची नळी चोंदल्यामुळे इंजिनात दाब साचून टर्बोचे ऑइल परतू शकत नव्हते आणि ते निर्दोष सीलमधून बाहेर पडत होते, असे आढळले, तर तपास तेथे पुरा झाला. त्याच्या अलीकडे थांबणे अन्याय आहे, आणि पलीकडे जाणे हा वाग्विलास आहे. अशा रीतीने जबाबदारी नाहीशी होत नाही. ती योग्य पत्त्यावर पोचते.

दुसरा आक्षेप काळाचा आहे. कधी कधी विचार करायला अवकाशच नसतो. टर्बोचे सील पुरते फाटले म्हणजे डिझेल इंजिन स्वतःचेच ऑइल इंधन म्हणून ओढू लागते, किल्ली काढून घेतली तरी थांबत नाही, आणि आवरले नाही तर फेरे चढवीत स्वतःचा नाश करून घेते. अशा क्षणी हवेची वाट बंद करणे किंवा ब्रेक घट्ट धरून, वरचा गिअर टाकून इंजिन गुदमरवून बंद पाडणे एवढेच कर्तव्य उरते, आणि कारणमीमांसा नंतरची असते. आग लागली असता ती विझविण्यास पुराव्याची आवश्यकता नाही; पण आग कोणी लावली हे सांगण्यास ती आहे, आणि हा भेद ज्याला पाळता येतो त्याच्या हातून विवेकाने कृतीही अडत नाही, आणि कृतीच्या धांदलीत न्यायही बुडत नाही. तातडी ही उपायाला माफी देते, फैसल्याला देत नाही.

यंत्राविषयी इतका विस्तार केला तो केवळ यंत्रासाठी नाही. घरात, शाळेत, कचेरीत जो आधी कोलमडतो त्यालाच आपण नालायक ठरवतो. वर्गात मागे पडणारे पोर आळशी, चुका करणारा कारकून बेजबाबदार, चिडणारी सून तापट, असे निवाडे आपण रोज देतो, आणि त्या व्यक्तीपर्यंत हवा पोचत होती काय, ऑइल पोचत होते काय, याची विचारपूस करीत नाही. जो दुसऱ्यांवर सर्वांत अधिक अवलंबून आहे आणि ज्याच्यावर ताणही सर्वांत अधिक आहे, त्याच्या ठिकाणी बिघाड दिसणार हे टर्बो आपल्याला शिकवतो. माणूस बदलून टाकणे हे तर भाग बदलण्याइतकेही सोपे नसते. म्हणून त्याच्या बाबतीत चुकीच्या निदानाची किंमत अधिक.

तेव्हा या विचारातून निघणारे कर्तव्य दोघांचे आहे. मिस्त्रीने काढलेला जुना भाग मालकासमोर ठेवावा, तो कशाने बिघडला त्याची कैफियत द्यावी, आणि कारण सापडले नसेल तर तसे स्पष्ट सांगावे. परंतु मालकाचेही देणे आहे, आणि ते आपण सहसा फेडीत नाही. दोन तास निरखून, चाचपून, ऐकून शेवटी एक ढिली क्लिप आवळणाऱ्याला आपण क्लिपेचे पैसे देऊ करतो, आणि न पाहता टर्बो बदलणाऱ्याला टर्बोचे. विचाराला मोल नाही आणि मालाला आहे, असा हा आपलाच कारभार असल्यावर, पोट भरणाऱ्या माणसाने विचार करावा ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी? सत्याचा आग्रह धरणाऱ्याने सत्य शोधण्याचा खर्चही उचलला पाहिजे. गॅरेजात तपासाची मजुरी बिनतक्रार देणे हे लहान कृत्य वाटेल. पण ज्या समाजाला खरे कारण हवे आहे आणि हाती लागेल तो आरोपी नको आहे, त्याने आपल्या न्यायबुद्धीचा आरंभ तेथूनच करावा.